‘माझं राहूनच गेलं’ म्हणण्याआधी

दुपारचे अडीच वाजलेले असतात. ओटा पुसून झालेला, भांडी पालथी घातलेली, मुलं शाळेतून यायला अजून दीड तास. गच्चीवरचे कपडे काढायचे असतात, पण उठवत नाही. पंख्याखाली जरा पाठ टेकावी, तर मनात तेच जुनं वाक्य येतं, ‘माझं मेलं राहूनच गेलं!’ काय राहून गेलं ते प्रत्येकीचं वेगळं. कुणाची बी. ए.ची शेवटची परीक्षा, कुणाची पेटी, कुणाचं शिवणाचं छोटंसं दुकान. वाक्य मात्र एकच. चार वाजता दाराची घंटा वाजली, की ते घडी घालून उद्यापर्यंत ठेवून द्यायचं.

मैत्रिणींनो, याला आपण कधी आळस म्हणतो, कधी नशीब म्हणतो. मीही म्हणत असे. पण आमच्या शेजारच्या वहिनींचं जे झालं ते जवळून पाहिलं आणि माझं मत बदललं. त्यांना विचारूनच लिहिते आहे. नाव तेवढं देऊ नका म्हणाल्या.

वहिनी नववी झालेल्या. त्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले, धाकट्या भावंडांकडे बघायला ह्या घरी राहिल्या, आणि पुढे लग्न होऊन आमच्या गावात आल्या. मुलीला शाळेत घालताना फॉर्मवर ‘आईचं शिक्षण’ असा रकाना होता. तिथं त्यांनी ‘दहावी’ लिहिलं. पहिल्यांदा हात कापला, म्हणाल्या. नंतर दर वर्षी सवयीनं लिहीत गेल्या. मग मुलगीच दहावीत गेली आणि एका संध्याकाळी तिनं विचारलं, “आई, तुला दहावीला किती टक्के होते गं?” पोळी करपतेय असं सांगून वहिनी आत गेल्या, आणि रात्री माझ्याकडे आल्या. “बाई, आता मी काय करू?”

मी शिकवण्या करणारी बाई. जे सगळ्यांना सांगते तेच त्यांनाही सांगितलं, “करा की अभ्यासाला सुरुवात!” जुनी पुस्तकं दिली. दोन महिने झाले, पुस्तकांवरची धूळ तेवढी बदलली. मला वाटलं, जिद्दच नाही ह्यांना. चूक माझी होती. ‘दहावी व्हायचं’ हे ‘घर बांधायचं’ म्हणण्याइतकं मोठं काम आहे. दुपारी अडीचला उठून कुणी घर बांधायला घेत नाही. आधी जागेचा सातबारा काढायला जावं लागतं!

म्हणून एक दिवस दोघी बसलो आणि एवढंच शोधलं, की अगदी पहिलं काम कोणतं? ते निघालं शाळा सोडल्याचा दाखला. म्हणजे माहेरच्या शाळेला एक पत्र. ते पत्र लिहायला वहिनींना तीन दिवस लागले, कारण वर्षांनुवर्षं त्यांनी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलंच नव्हतं. पण ते पेटीत पडलं आणि त्यांचा चेहरा वेगळाच दिसला. इतकी वर्षं अडलं होतं ते अभ्यासाशी नव्हतंच, ते त्या कागदाशी अडलं होतं.

दाखला आला आणि नवीनच पंचाईत. त्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. दोन्ही बाई एकच, हे सिद्ध करायला विवाहनोंदणीचा दाखला लागतो, आणि लग्नाची नोंद कुणी केलेलीच नव्हती. त्यात एक पावसाळा गेला. तुमच्यापैकी ज्यांनी ही नोंद केली नसेल त्यांनी परीक्षा द्यायची असो वा नसो, ती करून टाकावी.

आता मार्गांविषयी. शाळा सोडलेल्यांसाठी आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म असतो, हे पुष्कळजणींना ठाऊक असेल. तो भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं. पण विषय सगळे, आणि त्यात गणित आलंच. वहिनींना गणिताचं नाव काढलं तरी घाम फुटे. त्यांच्यासाठी दुसरी वाट बरी पडली, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तिथं दहावीला पाच विषय लागतात, गणित घ्यायलाच हवं असं नाही, आणि मराठीतून पेपर लिहिता येतो. वयाला वरची मर्यादा नाही. सगळ्यात सोयीचं म्हणजे पाचही विषय एकदम द्यावे लागत नाहीत. एकदा नाव नोंदवलं की ते पाच वर्षं चालतं आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एका वेळी एक विषय दिला तरी चालतो. वहिनींनी मराठी, हिंदी, गृहविज्ञान, सामाजिक शास्त्र आणि विज्ञान घेतलं.

राहिला घरचा प्रश्न. ‘मी शिकू का?’ असं वहिनींनी कुणाला विचारलं नाही. “अडीच ते चार मी बाईंकडे असते,” एवढंच सांगितलं. यजमान ‘बरं’ म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, “ह्या वयात?” चारचा चहा सव्वाचारला गेला म्हणून दोन दिवस अबोला झाला. पुढे मात्र दुपारी कुणी आलं तर सासूबाईच सांगू लागल्या, “ती अभ्यासाला गेलीय.” त्यांच्या आवाजात तक्रार होती की अभिमान, हे मला अजून कळलेलं नाही.

कठीण गेलं ते मुलीला खरं सांगणं. तिनं आईला मिठी वगैरे मारली नाही. “मग मला कमी मार्क पडले की का ओरडायचीस?” म्हणाली आणि चार दिवस बोलली नाही. त्यावर उत्तर नव्हतं, आणि वहिनींनी ते शोधलंही नाही.

रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ तुम्ही वाचल्या असतील. १८७३ साली, अकराव्या वर्षी त्या सासरी आल्या आणि लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकल्या. नवरा शिकवायला उत्सुक होता, तरी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष त्यांनाच सोसावा लागला. पुढे १९०९ साली पुण्याचं सेवासदन त्यांनी उभं केलं ते आपण अभिमानानं सांगतो. मला मात्र त्या घरातल्या रोजच्या टोमण्यांचं प्रकरणच जास्त जवळचं वाटतं. वयाचं म्हणाल तर ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली. तिथं साठीच्या पुढच्या बायका पाटी घेऊन अक्षरं गिरवायला बसल्या.

एक मात्र कबूल करायला हवं. दीड तास काही आकाशातून पडत नाही. वहिनींनी दुपारची मालिका सोडली, भिशी सोडली, आणि त्या वर्षी कुरडया विकत आणल्या. विकतच्या कुरडया चांगल्या नव्हत्या. तेही चालवून घ्यावं लागलं.

आणि राहून गेलेलं सगळंच परत हवं असतं असंही नाही. मी कितीतरी वर्षं ‘माझी सतार राहिली’ म्हणून हळहळत असे. वहिनींच्या दाखल्याची धावपळ करताना स्वतःला विचारलं, सतारीसाठी मी पहिलं पत्र लिहीन का? नाही लिहिणार. सतार माझ्या मैत्रिणीला यायची आणि तिचं कौतुक व्हायचं, मला ते कौतुक हवं होतं. त्या दिवसापासून सतार डोक्यातून गेली. एम. ए.चं मात्र जात नाही, म्हणजे ते खरं असावं.

पहिल्या खेपेला वहिनींनी तीन विषय दिले. मराठी सुटलं, गृहविज्ञान सुटलं. (“त्यात नापास झाले असते तर सासूबाईंना तोंड कसं दाखवलं असतं?”) सामाजिक शास्त्र मात्र राहिलं. येत होतं सगळं, पण पेपर पुरा झाला नाही. इतका वेळ सलग लिहायची हाताला सवय नव्हती. म्हणून दुसऱ्या खेपेच्या आधी आम्ही नुसतं लिखाण केलं. घड्याळ लावून रोज अर्धा तास, मग एक तास, मग पुरा पेपर. बोटं दुखली की गरम पाण्यात घालायची. तो विषय सुटला. आता हिंदी आणि विज्ञान उरलं आहे. मुलगी विज्ञान शिकवते, आणि आई चुकली की चांगलीच ओरडते.

माहेरच्या शाळेला कुणाला लिहायचं असेल तर पत्र मुख्याध्यापकांच्या नावे लिहा. शाळेत असतानाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, शेवटची इयत्ता आणि शाळा सोडल्याचं वर्ष घाला. वर्ष नक्की आठवत नसेल तर वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीला विचारून घ्या. आजचं नाव आणि पत्ता खाली वेगळा लिहा, आणि सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर भावाला किंवा वहिनीला शाळेत पाठवा. जून महिन्यात मात्र नको, तेव्हा शाळेत प्रवेशाची गर्दी असते.