आरंभ न विसरणारे अणू

गरम चहाचा पेला टेबलावर ठेवला, की थोड्या वेळाने चहा निवतो. त्याची उष्णता भोवतालच्या हवेत जाते आणि अखेर दोघांचे तापमान समान होते. यालाच औष्णिक समतोल म्हणतात. परंतु ज्या अणुसमूहाचा बाह्य जगाशी कोणताच संबंध नाही, तोही समतोलाला पोहोचेल काय?

पुंजभौतिकीच्या नियमांनुसार अशा बंदिस्त समूहातील माहिती कधीच नष्ट होत नाही. मग तो आपली आरंभीची स्थिती विसरतो कसा? आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला एक उदाहरण सुचते. दिवसभर अनेक खातेदार रोकड भरतात. सायंकाळी एकूण रक्कम पैशापैशाने जुळते. पण तिजोरीतील एखादी नोट कोणी भरली, हे सांगता येत नाही. अणूंचेही तसेच आहे. एकूण ऊर्जा कायम राहते, माहितीही राहते. मात्र ती समूहभर इतकी विखुरते, की मोजक्या अणूंकडे पाहून आरंभ ओळखता येत नाही. उर्वरित समूहच प्रत्येक अणूसाठी भोवतालच्या हवेचे काम करतो. जोशुआ डॉइच यांनी १९९१ मध्ये आणि मार्क स्रेडनिकी यांनी १९९४ मध्ये या विचाराला गणिती बैठक दिली.

या नियमाला अपवाद मिळाला तो अमेरिकेत. हार्वर्ड विद्यापीठातील मिखाईल लुकिन व सहकाऱ्यांनी रुबिडियमचे ५१ अणू लेसरच्या साहाय्याने एका रांगेत धरून ठेवले. प्रत्येक अणू शांत किंवा उत्तेजित, जणू खाली वा वर तोंड केलेली चुंबकसूची. एकाआड एक अणू उत्तेजित असलेली रांग तयार करून त्यांनी लेसरची वारंवारता अचानक बदलली. ही रचना झटकन पुसली जाईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात उत्तेजित अणू शांत झाले, शांत अणू उत्तेजित झाले आणि मूळ रचना पुनःपुन्हा परतत राहिली! हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व अणू शांत ठेवून आरंभ केल्यास मात्र अशीच रांग लवकर समतोलाला जाते.

याचे मूळ एका बंधनात आहे: शेजारचे दोन अणू एकाच वेळी उत्तेजित होऊ शकत नाहीत. त्यामुळे असंख्य सामान्य ऊर्जावस्थांमध्ये काही अपवादात्मक अवस्था दडलेल्या असतात. २०१८ मध्ये सिद्धांतिकांनी त्यांना ‘व्रण’ असे नाव दिले.

हे स्मरण चिरंतन नाही. ती आंदोलनेही हळूहळू मंदावतात. तरीही पुंजसंगणकासारख्या यंत्रात माहिती जपणे हाच कळीचा प्रश्न असल्याने या अपवादाचे मोल मोठे आहे. समतोल हा सर्वसाधारण नियम खरा. पण पुढचा प्रवास आरंभ कोठून केला यावरही ठरतो, हे त्या ५१ अणूंनी दाखवून दिले.