परत येईल का?

तरसालीला राहणाऱ्या माझ्या आत्याची अंगठी बोटातून निघेनाशी झाली, चपलेचा नंबर वाढला. वयानं अंग सुजलंय, असं घरच्यांनी धरलं. निघाली ती पीयूषिका ग्रंथीची गाठ, वाढीचं संप्रेरक जास्त सोडणारी. नाकावाटे दुर्बिणीनं ऑपरेशन झालं. बायप्सीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा आत्यानं एवढंच विचारलं, "परत येईल का रे?"

माझ्या मते 'कॅन्सर आहे का?' यापेक्षा हाच प्रश्न महत्त्वाचा. मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत बसलेली ही ग्रंथी जेमतेम हरभऱ्याएवढी. तिच्यातल्या गाठी शरीरात दुसरीकडे पसरणं अगदी विरळ. पण काही गाठी शेजारच्या शिरांच्या जाळ्यात घुसतात, काढल्या तरी पुन्हा वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र शांत गाठ आणि द्वाड गाठ सारखीच दिसू शकते. म्हणून पेशींमधली प्रथिनं रंगवून पाहायची.

आत्याच्या रिपोर्टात 'केआय-६७' होतं. विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकात हे प्रथिन सापडतं, विसावलेल्या पेशीत नाही. 'केआय' म्हणजे जर्मनीतलं कील शहर. ६७ हा प्रयोगाच्या ताटलीतल्या खाचेचा क्रमांक. योहानेस गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हा शोध जाहीर केला. शंभरात तीनहून जास्त पेशी रंगल्या आणि जोडीला इतर काही खुणा दिसल्या, तर गाठ 'असामान्य', असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या वर्गीकरणानं ठरवलं. पुढची वाटचाल त्यावरून नीट सांगता येईना, म्हणून २०१७ मध्ये तो शिक्काच काढला. ही माघार मला मोलाची वाटते. आकडा आजही मोजतात, पण गाठ आजूबाजूला किती घुसली आहे हे पाहून त्याचा अर्थ लावतात.

त्याच वर्षी गाठीचं कूळ ओळखण्यावर भर आला. पिट-१, टी-पिट आणि एसएफ-१ ही प्रथिनं पेशी कोणत्या वंशातली ते सांगतात. टी-पिट कुळातली एखादी गाठ रक्ततपासणीत गप्प असते आणि पुढे उलटण्याचा धोका मात्र जास्त. आत्याची गाठ पिट-१ कुळातली. अशा गाठीत केरॅटिन हे प्रथिन केंद्रकाशेजारी गोळा होऊन बसलं असेल, तर वाढीचं संप्रेरक दाबणारी ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं सहसा कमी लागू पडतात. उलट हे औषध ज्यांना चिकटून काम करतं ते सोमॅटोस्टॅटिन संप्रेरकाचे दोन नंबरचे ग्राहक पेशींवर भरपूर असतील, तर गुण येण्याची आशा वाढते. म्हणजे औषध निवडतानाही प्रथिनांचा उपयोग होतो.

आत्याचा केआय-६७ दोन टक्के. पण मेंदूकडे जाणाऱ्या धमनीलगतचा गाठीचा तुकडा सर्जननी मुद्दाम ठेवला आहे, त्यामुळे "नाही येणार" असं मी म्हणालो नाही. ग्राहकांची तपासणी रिपोर्टात नव्हती. मेणात घातलेला गाठीचा ठोकळा प्रयोगशाळेत जपलेला असतो, त्यातून नवा काप घेता येतो. तेवढं विचारायला पुढच्या खेपेला मी तिच्याबरोबर जाणार आहे.