पर्सिस्टन्स फ्रेमवर्क व थेट डेटाबेस-संपर्क
संगणक-आज्ञावलीतील वस्तुरूप माहिती व डेटाबेसमधील कोष्टके यांची सांगड घालणाऱ्या मध्यस्थ आज्ञावलीस पर्सिस्टन्स फ्रेमवर्क म्हणतात. जावा भाषेतील हायबरनेट (२००१) ही अशी एक प्रसिद्ध चौकट होय. थेट संपर्कात एसक्यूएल भाषेतील पृच्छा आज्ञावलीकार स्वतः लिहितो.

पृच्छा तयार करणे, आलेल्या ओळींच्या वस्तू बनविणे व त्यांतील बदलांवर लक्ष ठेवणे यांसाठी चौकटीला वेळ लागतो. परंतु तो बहुधा अल्प असतो. मोठी तफावत पडते ती डेटाबेसकडे होणाऱ्या फेऱ्यांमुळे. उदा., जिल्ह्यातील तालुकावार गावांची यादी करताना चौकट प्रथम तालुके आणि नंतर प्रत्येक तालुक्याची गावे स्वतंत्रपणे मागवीत असेल, तर ४ तालुक्यांच्या धुळे जिल्ह्यासाठी ५ आणि १५ तालुक्यांच्या जळगाव जिल्ह्यासाठी १६ फेऱ्या होतात. दोन्ही कोष्टके जोडणाऱ्या थेट पृच्छेने हेच काम एका फेरीत होते. मात्र तशी जोडणी करण्याची सूचना दिल्यास चौकटीलाही एकच फेरी पुरते. यास्तव तुलना करताना केवळ एकूण वेळ न मोजता पृच्छांची संख्याही पाहणे आवश्यक ठरते. नित्याच्या नोंदींसाठी चौकट सोयीची, तर मोठे अहवाल व एकगठ्ठा बदल यांसाठी थेट संपर्क सामान्यतः अधिक कार्यक्षम असतो.