प्रवासवर्णन वाचताना

ब्रह्मपुरीकडून वैनगंगेचा पूल ओलांडून कुणी पाहुणा आरमोरीला येतो, धानाच्या बांध्या पाहतो, चहा घेतो नि निघून जातो. तेवढ्यावर त्यानं आपल्याविषयी लेख लिहिला, तर तुम्ही म्हणाल, “याला काय ठाऊक!” मग परमुलखाचं वर्णन वाचताना आपण हे का विचारीत नाही?

जिथं धर्मावरून शिक्षा होते, तिथं तर हे विचारायलाच हवं. गोव्यात १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडता, इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय होतं. ख्रिस्ती झालेल्यांनी चोरून जुने कुळाचार पाळले तरी खटला होई. सुटणाऱ्याकडून गुप्ततेची शपथ घेत. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य १६७३ मध्ये दमणला पकडला गेला, गोव्याच्या कोठडीत राहिला. १६८७ मध्ये त्यानं पुस्तक छापलं, तेव्हा आतली हकीकत युरोपात पसरली. नुसता हिंडून परतता, तर त्यानं चर्चं आणि मिरवणुकाच वर्णिल्या असत्या.

देलाँ मायदेशी पोचला, म्हणून लिहू शकला. गावकऱ्याला तिथंच राहायचं होतं. तो कसा बोलणार?

तेव्हा “सगळे सुखात दिसले” असं कुठं वाचलंत, तर एवढं विचारा: बोललं कोण? आणि लेखक निघून गेल्यावर त्या बोलणाऱ्याचं काय होणार होतं?