खर्जाला बळ कसे मिळते?

वाद्यवृंदाला खर्जाचा आधार देणारी बेस गिटार ड्रमच्या गजरात अनेकदा ऐकूच येत नाही. अधिक वॅटचा ध्वनिवर्धक आणला की काम भागेल, असे पुष्कळांस वाटते. परंतु ही समजूत अपुरी आहे.

या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. इतक्या खालच्या स्वरांना आपला कान मध्यम स्वरांइतका संवेदनशील नसतो. शिवाय शक्ती दुप्पट केली, तरी ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबेलने चढते. १० डेसिबेलसाठी दसपट शक्ती लागते.

खर्ज उमटवावयाचा म्हणजे पुष्कळ हवा हलवावयाची. त्यासाठी लाउडस्पीकरच्या पडद्यांचे एकूण क्षेत्रफळ मोठे हवे. अमेरिकेतील अँपेग कंपनीने १९६९ साली ३०० वॅटचा ध्वनिवर्धक काढला, तेव्हा त्याच्या जोडीला दोन पेट्या दिल्या. प्रत्येक पेटीत दहा इंची आठ लाउडस्पीकर होते.

स्वराचा ठसठशीतपणा मात्र निराळ्या ठिकाणी असतो. तार छेडताच मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वरही निघतात आणि त्यांवरून कान मूळ स्वर ओळखतो. म्हणून केवळ खर्जाचे बटण पिळल्याने शक्ती खर्ची पडते, लहरींचे माथे छाटले जाऊन आवाज फाटतो आणि लाउडस्पीकरमधील तारेचे वेटोळे तापून जळण्याचा धोका संभवतो. त्याऐवजी खर्ज थोडा उतरवून मध्यम स्वर किंचित चढवावेत. तेवढ्याच वॅटमध्ये प्रत्येक आघात सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचू शकतो.