वॉरंटीतला तेरावा महिना

आमचं वॉशिंग मशीन घेतल्याला वर्ष होऊन वर तीन आठवडे गेले आणि ते बंद पडलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. सर्व्हिसवाल्यानं मागचं झाकण उघडलं, 'पीसीबी गेलाय', म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, म्हणाला आणि जाता जाता ऐकवलं, "वॉरंटी संपली ना, आता काही होत नाही." घरोघरी हे ब्रह्मवाक्य मानलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

वॉरंटी हे कंपनीनं दिलेलं वचन असतं: अमुक दिवसांत बिघडलं तर फुकट दुरुस्त करू. मुदत सरली की हे वचन सरतं. कायदा मात्र वस्तूत दोष होता का, हे विचारतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'दोष' या शब्दाची व्याख्या आहे. कायद्यानं किंवा करारानं अपेक्षित असलेला, किंवा विकणाऱ्यानं सांगितलेला दर्जा वस्तूत नसणं म्हणजे दोष. हा करार लेखीच हवा असं नाही, गृहीत धरलेलाही चालतो. म्हणजे कारखान्यातून निघतानाच मशीनमध्ये खोट असेल आणि ती तेराव्या महिन्यात उघडी पडली, तरी तक्रारीचं दार बंद होत नाही.

पण म्हणून 'फ्रिज दहा वर्षं चाललाच पाहिजे, असा कायदा आहे' हेही खरं नाही. युरोपीय संघात नव्या वस्तूवर किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते. आपल्याकडे वर्षांचा असा आकडा कायद्यात नाही. शिवाय खोट मुळातली होती, वापरातली किंवा व्होल्टेजमुळे आलेली नव्हती, हे दाखवायचं असतं ग्राहकानं. बहुतेक तक्रारी इथेच लंगड्या पडतात. गरज पडल्यास ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, पण तपासणीची फी आधी तक्रारदारानं भरायची. म्हणून खरी मदत होते ती जॉबशीटची. वॉरंटीत असताना तोच भाग एकदा बदलला असेल आणि त्याचा कागद हातात असेल, तर तुमची बाजू भक्कम. नुसत्या फोनवरच्या भांडणाला मात्र कवडीची किंमत नाही. बिघाडाचं कारण सर्व्हिसवाल्याकडून लिहून घ्या, आणि बदललेला भाग त्याला नेऊ देऊ नका.

वॉरंटी कार्डावरचा बारीक मजकूरही एकदा वाचावा. पूर्ण मशीनची वॉरंटी एक वर्ष असली तरी मोटर किंवा कॉम्प्रेसरची बऱ्याचदा पाच-दहा वर्षं असते. अर्थात त्यातही गॅस आणि मजुरीचा खर्च अनेकदा आपल्याच माथी येतो.

'कोर्टकचेरीत मशीनपेक्षा जास्त पैसे जातील' ही भीती मात्र बरीचशी जुन्या ऐकीव गोष्टींवर पोसलेली आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. नव्या कायद्यानं तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. ती ऑनलाइनही दाखल होते. दुकानदार 'कंपनीशी बोला' म्हणत राहिला, तर तक्रारीत दोघांनाही घालता येतं.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण तिच्यामार्फत तक्रार थेट कंपनीपुढे जाते आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं. पत्रापत्रीत वेळ मात्र घालवू नये. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि कंपनीला ईमेल पाठवत राहिल्यानं ती वाढत नाही.

आमच्या मशीनचा पीसीबी आठव्या महिन्यातही बदलला होता. त्या जॉबशीटची प्रत जोडून कंपनीला पत्र टाकलं. पंधरवड्यानंतर बोर्ड फुकट मिळाला, मजुरी आम्ही भरली. जुना बोर्ड अजून माळ्यावर आहे, त्याच मशीनच्या खोक्यात.