दोन नळ्यांची निवड

मराठीच्या प्राध्यापकाने बंदुकीत का पडावे? पण भाचा 'क्ले'च्या तबकड्या उडवतो, आणि बहिणीने त्यासाठी बांगड्या मोडायची तयारी केलेली! वरखाली नळ्यांच्या दोन बंदुका समोर होत्या: १९३१ साली बेल्जियमहून आलेल्या ब्राउनिंगच्या घराण्यातली एक, दुसरी इटलीची बेरेटा. ब्राउनिंगची बिजागरी नळ्यांखाली, म्हणून ती अंगाने भरदार. बेरेटाची दोन्ही बाजूंच्या खुंट्यांवर, म्हणून सडपातळ. टिकाऊ दोघीही. मग निवड कशावरून? दस्त्यावरून! अशा बंदुकीला मागची खूण नसते. ती जागा आपल्या डोळ्याची. रिकामी बंदूक डोळे मिटून खांद्याला लावावी, मग डोळे उघडावेत. नजर सरळ नळीवरून धावली, तर तीच आपली. बांगड्या मोडायच्याच, तर छापासाठी नव्हे, मापासाठी मोडाव्यात.